सुटे आकडे

आमच्या कंपनीत आकडे सुटे बोलायचे असा नियम होता, आणि तो मीच घालून दिला होता. त्याआधी सतरा वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. तिथं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की ‘त्रेसष्ट’ म्हणायचं नाही, ‘सहा, तीन’ म्हणायचं. आपल्या भाषेत आकडा उलटा येतो. ऐकणाऱ्याला आधी तीन ऐकू येतात, मग साठ, आणि तोवर त्याच्या पेन्सिलीनं भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातून ‘एकोण’वाले आकडे तर साक्षात वैरी. एकोणसाठ म्हटलं की दहातले दोघं साठचा सहा लिहून बसतात.

माझ्या हाताखालच्या बारा मुली या नियमाची टिंगल करायच्या. कुणी चुकून ‘सत्तावीस’ म्हणाली की दुसरी म्हणायची, “बंदी नोट चालणार नाही, सुटे द्या.” हसत हसत का होईना, नियम पाळायच्या. सहा वर्षांत आमच्या फोनच्या खोलीतून एकही आकडा चुकीचा गेला नाही. याचा मला अभिमान होता. माझ्या स्मरणशक्तीचाही होता. शेकडो फोन नंबर मला आजही पाठ आहेत, त्यातले बहुतेक आता कुणाचेच नाहीत.

कंपनी माझ्या धाकट्या भावाची. आम्ही घरात त्याला बाळ म्हणत असू आणि तो चाळीस हजार घरांना टीव्ही दाखवायला लागला तरी आमच्यासाठी बाळच राहिला. बाहेर लोक त्याला छत्रीशेठ म्हणायचे. तो आधी छपरांवरचे अँटेना दुरुस्त करायचा. मग एक दिवस अॅल्युमिनियमची जाळी आणि सायकलच्या तारा आणून आम्ही राहत होतो त्या लाँड्रीच्या गच्चीवर त्यानं स्वतःच्या हातानं डिश बांधली. खालून जाणारे लोक थांबून विचारायचे, “काय राव, छत्री उलटी का लावली?” तिसऱ्या दिवशी दुपारी त्या उलट्या छत्रीतून चित्र आलं. कुठल्या तरी दूरच्या देशातली एक बाई बातम्या वाचत होती. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण आमच्या दीड खोल्यांत चाळीस माणसं कोंबून बसली आणि तिच्या बातम्या संपेपर्यंत एकही जण उठला नाही. बाळनं ते पाहिलं. त्याच दिवशी त्याचं ठरलं असावं.

पाच वर्षांनी त्यानं उपग्रहावर जागा भाड्यानं घेतली. आमची आई तेव्हा होती. ती म्हणाली, “आकाशात? तिथं घरमालक कोण?” बाळ म्हणाला, “आहे एक. पण तो शेजाऱ्यांची भांडणं ऐकायला येत नाही.” बस डेपोच्या वरचे दोन मजले आम्ही घेतले. टीव्हीच्या पडद्याच्या कोपऱ्यात आमची खूण असायची, एक छोटी पिवळी छत्री. प्रवेशद्वारापाशी एक काळी पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर रोज सकाळी खडूनं एकच आकडा लिहिला जायचा. आज किती घरं. आम्ही गिऱ्हाईक असा शब्द वापरतच नसू. “काल त्र्याण्णव घरं वाढली,” असं म्हणायचो. म्हणजे मी नाही. मी म्हणायची, “नऊ, तीन.”

मास्तर आमच्याकडे आले ते तक्रार घेऊन. हायस्कुलात गणित शिकवायचे. आमच्या माणसानं त्यांच्या घरावर लावलेल्या डिशला नीट चित्र येत नव्हतं. इतर लोक येऊन आरडाओरडा करायचे. मास्तरांनी खिशातून वहीचं पान काढलं आणि डिश किती अंशांनी चुकली आहे, का चुकली आहे आणि पुढच्या घरी तीच चूक कशी होईल हे बाळला आकृती काढून दाखवलं. बाळनं त्यांना चहा पाजला आणि दीड महिन्यात शाळेतून उचलून आणलं.

मास्तरांनी काय केलं, तर डिशच्या दांड्याला एक धातूची पट्टी बसवली. पट्टीवर शून्यापासून शंभरपर्यंत आकडे कोरलेले. आमच्या फिटर लोकांना अंश-बिंश काही कळायचं नाही, कळायची गरजही उरली नाही. काटा बासष्टवर आणायचा, नट आवळायचा, काम झालं. फिटर तिला ‘मास्तरची पट्टी’ म्हणायचे आणि नव्या माणसाला सांगायचे, “नीट लाव, नाहीतर हातावर बसेल.” फिटर एकटाच जायचा. तो गच्चीवर, टीव्ही खाली. वरून तो ओरडायचा, “आलं का?” खालून घरातलं कुणीतरी ओरडायचं, “आलं!” की तो शिडीवरून उतरून पुढच्या घरी. कामाची हीच पद्धत होती. फिटर पडदा कधी बघायचाच नाही.

मास्तर बसायचे गावाबाहेर, आमच्या मोठ्या छत्रीपाशी, जिथून आम्ही चित्र वर पाठवायचो. माळावर एक खोली, यंत्रांची घरघर, आणि भिंतीला त्यांनी शाळेतून मागून आणलेला फळा. त्यांना आकडा तोंडानं सांगायची सवय नव्हती. विचारलं की उठून फळ्यावर लिहायचे. ऑफिसात आले तर माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहून वही माझ्याकडे फिरवायचे. मला वाटायचं, मास्तरकीची खोड.

आणखी एक होतं. अख्खं ऑफिस मला ताई म्हणायचं. बाळ म्हणायचा म्हणून सगळेच. शिपायापासून पाहुण्यांपर्यंत. मास्तर दोन वर्षांत एकदाही मला ताई म्हणाले नाहीत. “अहो,” म्हणायचे, “ऐकलंत का,” म्हणायचे, नाहीतर नुसतं खाकरायचे. बारा मुलींपैकी निदान दहा जणींच्या हे लक्षात आलं होतं. माझ्याही आलं होतं. मी त्रेचाळीस वर्षांची होते, लग्न केलं नव्हतं, आणि असल्या गोष्टी आपल्या लक्षात येत नाहीत असं दाखवण्यात तरबेज झाले होते.

सातव्या वर्षी आमचा उपग्रह म्हातारा झाला. त्याला जागच्या जागी ठेवायला लागणारं इंधन संपत आलं होतं. आम्ही त्याला म्हाताराच म्हणायचो. नवा वर गेला होता, त्याला नातू. महिन्याभरासाठी दोघंही चित्र देणार होते, तेवढ्यात चाळीस हजार घरांच्या डिश म्हाताऱ्याकडून नातवाकडे वळवायच्या होत्या. बासष्टवरून पट्टीवर नव्या आकड्यावर. नातवाच्या शेजारी, दोन घरं सोडून, दुसऱ्या एका कंपनीचा उपग्रह होता. त्यांची खूण लाल पतंग. ते नवेच होते आणि लोकांना सवय लागावी म्हणून आमच्याकडचीच चॅनेलं आणि वर काही जास्तीची पहिलं वर्षभर फुकट दाखवत होते. आमचे बॉक्स साधे होते, समोर येईल ते दाखवायचे. फक्त आपलंच चित्र दाखवणारे कुलूपवाले बॉक्स पुढच्या वर्षी आणू असं बाळ म्हणत होता.

नवा आकडा मास्तर काढणार, मला फोनवर सांगणार आणि माझ्या बारा मुली तो सगळ्या फिटरांना कळवणार असं ठरलं.

फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी पेन्सिल घेऊनच बसले होते.

“अहो,” मास्तर म्हणाले, “पट्टीचा आकडा घ्या.” आणि त्यांनी आकडा सांगितला. अख्खा. सुटा नाही.

‘सुटे बोला, मास्तर’ हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण श्वासही न घेता ते पुढे म्हणाले, “आणखी एक विचारायचं होतं. घाई नाही. मी एकटा आहे, तुम्हीही एकट्या आहात. तर आपण एकत्र जेवायला काय हरकत आहे?”

मी म्हटलं, “आज?”

“रोज,” ते म्हणाले.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुधा “बघते” म्हणाले असेन, जसं तक्रार आल्यावर म्हणायची सवय होती. फोन ठेवला. वहीवर मी लिहिलं होतं ८१, आणि त्याभोवती दोनदा गोल काढला होता. त्याखाली, कधी लिहिलं कुणास ठाऊक, ‘रोज’.

पान फाडून मी मुलींना दिलं नाही, अर्थातच. नुसता आकडा वाचून दाखवला. सुटा. “आठ, एक.”

त्यानंतरचे नऊ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. फोनच वाजेनात. एवढं मोठं काम चाललं होतं, शेकडो गच्च्यांवर माणसं चढत होती, आणि आमच्या बारा फोनांपैकी एखादा कधीतरी वाजायचा तोही कुणाचं तरी घर बदललं म्हणून. फिटर रोज संध्याकाळी कळवायचे, अमुक इतकी घरं झाली, सगळीकडे चित्र आलं. बाळ खोलीच्या दारात उभा राहून त्या शांततेकडे कान देऊन ऐकायचा. “बघ ताई,” म्हणायचा, “एक तक्रार नाही. याला म्हणतात काम.” मुली विणकाम घेऊन बसल्या होत्या. मला आतून काहीतरी खुपत होतं. एक्सचेंजमध्ये एखादी लाइन अशी गप्प झाली की आम्ही आधी तार तुटली का ते बघायचो. पण मी काही बोलले नाही. मास्तरांना उत्तर द्यायचं राहिलं होतं आणि माझं डोकं तिथंच होतं.

दहाव्या दिवशी दुपारी मी मावशीकडे गेले. ती एकटीच राहायची, टीव्ही हाच तिचा सोबती. दारातच म्हणाली, “तुझ्या भावाला सांग, जीव लावला त्यानं म्हाताऱ्या मावशीला. काय स्वच्छ चित्र येतंय गं आता. आणि दोन सिनेमे जास्तीचे.”

मी आत गेले. तिची नेहमीची मालिका चालू होती, नेहमीचीच माणसं, नेहमीचंच भांडण. मी कोपऱ्याकडे बघितलं. तिथं लाल पतंग होता.

मला वाटलं मी चष्मा आणला नाही. मी डोळ्यांना हात लावला, चष्मा होता. मी अगदी पडद्याजवळ गेले, इतकी की मावशी म्हणाली, “अगं आत शिरतेस की काय.” पतंगच होता. मी चॅनेल बदललं. पतंग. पुन्हा बदललं. पतंग. मी खुर्चीवर न बसता तिच्या पलंगावर बसले, तिच्या औषधांच्या डबीवर.

“छत्री कुठंय, मावशी?”

“कोपऱ्यात आहे बघ, दाराच्या मागे. बाहेर ऊन आहे का फार?”

ऑफिसात आले तर बाळ पाटीवर स्वतः आकडा लिहीत होता. मी म्हटलं, “बाळ, मावशीकडे पतंग आहे.”

“कसला पतंग?”

“कोपऱ्यात. पडद्याच्या.”

त्याच्या हातातला खडू तसाच पाटीला टेकलेला राहिला. समोरच्या इमारतीत आमची घरं होती, तो जिने चढून सरळ तिच्या गच्चीवर गेला, मी धापा टाकत मागे. पाच डिश होत्या. पाचही पट्ट्यांवर काटा एक्क्याऐंशीवर. बाळनं गच्चीच्या कठड्यावर हात ठेवले आणि गावावरून नजर फिरवली. जिकडे बघावं तिकडे आमच्या छत्र्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, सगळ्या नीट आवळलेल्या. “सव्वीस हजार,” तो म्हणाला. “आपल्याच माणसांनी. शिडी लावून.”

आम्ही गाडीतून माळाकडे निघालो. वहीतलं ते पान मला दिसत होतं. आणि कानात आवाज येत होता. एकोणऐंशी. मग वाटायचं नाही, एक्क्याऐंशी. मला, जिला हजार नंबर पाठ, तिला दहा दिवसांपूर्वी ऐकलेला एक आकडा आठवेना. दोन्ही ऐकू येत होते, दोन्ही मास्तरांच्या आवाजात.

गाडीचा आवाज ऐकून मास्तर दारात आले. त्यांच्या उजव्या बाहीवर कोपरापर्यंत खडूची पांढरी धूळ होती. मागे फळा पुसलेला होता, घाईघाईनं, बाहीनं. टेबलावर त्यांच्या अक्षरातला कागद होता. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, ७९.

बाळनं तो कागद उचलला. “मास्तर, तुम्ही फोनवर काय सांगितलं होतंत?”

मास्तरांनी आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं ते त्यांनी पाहिलं. “काय झालंय?” त्यांनी विचारलं, आणि बाळनं दोन वाक्यांत सांगितलं. मास्तर स्टुलावर बसले.

“एक्क्याऐंशी,” ते म्हणाले. “मी एक्क्याऐंशी म्हणालो. चूक माझी आहे.”

जो माणूस लिहिताना चुकला नाही, तो बोलताना कसा चुकेल? हा माणूस मुलांना अशाच चुकांसाठी वर्गाबाहेर उभा करायचा. त्यानं फळा पुसला, माझ्याकडे बघितलं आणि माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. मला हे इतकं लख्ख दिसलं की दुसरं काही असू शकेल हे मनातही आलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं. आणि बोलले नाही. घशातून आवाजच निघेना, असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे आवाज होता.

बाळ म्हणाला, “मास्तर, चाव्या ठेवा.” ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून फिटर पुन्हा निघाले, आता एकोणऐंशी लावायला. आणि लोक त्यांना गच्चीवर जाऊ देईनात. “चांगलं चाललंय की. कशाला हात लावता?” एका घरी तर म्हणे आजींनी शिडीच धरून ठेवली. त्यांना पतंग फुकट मिळत होता आणि आमची छत्री विकत. सव्वीस हजारांतली चार हजार घरं परत आली. मग चॅनेलवाले आम्हाला सोडून नुसते त्यांच्याकडेच राहिले, मग फिटर गेले, मग माझ्या मुली एकेक करून, त्यातल्या तिघी थेट पतंगवाल्यांच्या फोनवर. चौदा महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी बारा वाजता, बाळनं मोठी छत्री बंद केली. मी सोबत होते. पडद्यावरची पिवळी छत्री एवढीशी थरथरली आणि पडदा निळा झाला. एवढंच. चाळीस हजार घरं, आणि आवाज एका बटणाचा. पाटीवरचा शेवटचा आकडा कुणी पुसला नव्हता. बस डेपोवाल्यांनी तिच्यावर गाड्यांच्या वेळा लिहायला सुरुवात केली.

मी मास्तरांशी लग्न केलं. रजिस्टर लग्न, दोन साक्षीदार, दोघंही त्यांचे जुने विद्यार्थी. माझ्या मनात होतं, ज्यानं माझ्यासाठी स्वतःचं नाव घालवलं त्याला निदान रोजचं जेवण तरी मी देणं लागते. हे प्रेम नव्हतं असं नाही. पण त्यात हेही होतं.

बाळ आला नाही. म्हणाला, “ताई, तू कुणाशीही कर. पण त्या माणसाच्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही.” आणि त्यानं शब्द पाळला. पंपांचं छोटं दुकान काढलं, ते नीट चाललं. इतरांच्या लग्नाकार्यात भेटलो की “बरी आहेस?” “बरी आहे.” एवढंच. मला एक वाक्य बोलायचं होतं. चूक माझी होती, मास्तरांची नाही. प्रत्येक वेळी ते ओठांपर्यंत यायचं आणि मी भाच्याच्या शाळेची चौकशी करायची. बत्तीस वर्षं. भाच्याला आता मुलं आहेत.

मागच्या महिन्यात मास्तरांना घेऊन डॉक्टरकडे गेले होते. नेहमीची तपासणी, काही विशेष नाही. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, “वय?”

“एक्क्याऐंशी,” मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, “अहो, एकोणऐंशी.”

“तेच,” ते म्हणाले. “तेच म्हणायचं होतं. लिहून देऊ का? हे दोन माझ्या तोंडातून उलटेच येतात. लहानपणापासून.”

मुलगी हसली आणि सात, नऊ लिहिलं. माझ्या हातातली फाइल खाली पडली. मास्तर उचलायला वाकले, मी म्हटलं राहू दे. आम्ही बाकावर बसलो. समोर एक बाई खोकत होती.

“लहानपणापासून?” मी विचारलं.

“म्हणून तर फळा. वर्गात कधी तोंडानं सांगायचोच नाही, पोरांनी पकडलं असतं. बाजारात बोटांनी दाखवतो, बघतेस ना तू.” मग जरा थांबून म्हणाले, “फोनवर मात्र फळा नव्हता.”

“त्या दिवशी तुम्ही खरंच एक्क्याऐंशी म्हणालात?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं नावच विसरले आहे. “तेव्हाच सांगितलं की. तुझ्यासमोर सांगितलं. तू काय समजत होतीस?”

“मग फळा का पुसला होतात?”

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, एकोणऐंशीव्या वर्षी. “त्यावर दुसरंच लिहिलं होतं. दहा दिवस तुझं उत्तर नव्हतं, म्हटलं पुन्हा विचारावं. तर सुरुवात कशी करायची ते लिहून बघत होतो. ताई म्हणून तर चालणार नव्हतं. ‘अहो’ लिहिलं, खोडलं, नाव लिहिलं, खोडलं. इतक्यात गाडी वाजली.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ते हळूच म्हणाले, “मला कायम वाटत आलं, कंपनी बुडवणाऱ्या माणसाशी या बाईनं लग्न केलं. केवढं मोठं मन.” आणि नर्सनं त्यांचं नाव पुकारलं.

घरी आल्यावर मास्तर झोपले. मी फोनपाशी बसले. बाळनं ज्याला चुकला म्हटलं, तोच चुकला होता. माझा हात, माझा कान, माझी पेन्सिल बरोबर होती. मग छातीवरचा दगड उतरायला हवा होता. उतरेना. मग मला कळलं तो दगड आकड्याचा नव्हताच.

बाळचा नंबर मी कधी फिरवला नव्हता, पण पाठ होता.

“कोण?”

“मी.”

“ताई? काय झालं? मास्तर...”

“मास्तर ठणठणीत आहेत. बाळ, त्या दिवशी ते एक्क्याऐंशीच म्हणाले होते.”

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. “मग?” तो म्हणाला. “मी बत्तीस वर्षं दुसरं काय म्हणतोय?”

“मला वाटत होतं ते एकोणऐंशी म्हणाले आणि लिहिताना मी चुकले. आणि ते माझ्यावर पांघरूण घालतायत.”

तो आकडेमोड करत असावा. त्याला सगळ्याची बेरीज करायची सवय होती.

“म्हणजे तुला वाटत होतं चूक तुझी आहे.”

“हो.”

“आणि मी त्यांच्याकडून चाव्या घेतल्या तेव्हा तू तिथं उभी होतीस.”

“हो.”

“आणि गप्प बसलीस.”

“हो, बाळ.”

पंखा फिरत राहिला. मला वाटलं फोन ठेवला त्यानं. एक्सचेंजमध्ये शिकले होते, माणूस लाइनवर आहे की नाही ते श्वासावरून कळतं. होता.

“त्यांच्यावर मी रागावलो होतो कारण ते चुकले,” तो म्हणाला. “चुकतो माणूस. तुझ्यावर कुणी रागवायचं?”

“तू.”

“घरी आहेस?”

“आहे.”

“येतो मी. त्यांना भेटायला नाही, तुझ्याशी भांडायला. हे फोनवर व्हायचं नाही.” कागद ओढल्याचा आवाज आला. माझ्या सख्ख्या भावाला माझं घर कुठं आहे ते माहीत नव्हतं. “घर नंबर सांग.”

“एकोण...” मी म्हटलं, आणि थांबले.

“ताई,” बाळ म्हणाला, “सुटा.”

“पाच,” मी म्हटलं. “नऊ.”